पाहुण्यांचा रविवार

पाहुण्यांपुढं रिकाम्या हातानं उभं राहायचं नाही, असा तिथला नियम होता. हातात स्वतः केलेली वस्तू पाहिजे. मग नाव, गाव, किती वर्षं प्यायलो, पिऊन काय काय केलं, हे क्रमानं सांगायचं. शेवटी वस्तू पुढं करायची आणि म्हणायचं, "आणि आज मी हे केलं." मग टाळ्या पडायच्या.

माझ्या हातात पाट होता. जेवायला बसायचा साधा सागाचा पाट. माझी पहिलीच वेळ. समोर नागपूरहून आलेली वीसेक माणसं खुर्च्यांवर बसलेली. खुर्च्याही आमच्यातल्यांनीच केलेल्या. मी नाव सांगितलं, गाव सिंदी मेघे सांगितलं आणि माझा आवाज बसला. पुढच्या रांगेतला एक गोरापान गृहस्थ म्हणाला, "जोरात बोल रे! प्यायल्यावर बरा आवाज निघत असेल तुझा."

सगळे हसले. संस्था चालवणारे काकाजी हसले. आणि मीही हसलो. त्या गृहस्थाला मी केव्हाच विसरलो असतो, पण माझं ते हसणं अजून मला विसरता येत नाही.

मग मी जोरात बोललो. बापाची वाडी विकून प्यायलो, म्हणालो. बायकोला मारलं, म्हणालो. काकाजी बाजूनं हळूच म्हणाले, "कशानं ते सांग." मी सांगितलं. चुलीतल्या जळत्या लाकडानं. "कुठं?" डोक्यात. अजून तिथं केस येत नाहीत म्हणे. खुर्च्यांवरच्या बायांनी च्‌ च्‌ केलं. त्याच गृहस्थानं पाट हातात घेऊन उलटापालटा केला आणि बायकोला म्हणाला, "चांगला आहे गं. देवापुढं होईल." पाट विकला गेला. काकाजींनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, बरं वाटलं.

आमच्या वर्धा जिल्ह्यात दारूबंदी. म्हणजे दुकानं नव्हती, दारू होती. नाल्याच्या काठी गाळलेली, सायकलच्या ट्यूबमध्ये भरून आणलेली. माझा बाप वांगी, पालक आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, पिकवायचा आणि पहाटे पाटी घेऊन वर्ध्याच्या बाजारात बसायचा. आणीबाणी उठली त्या साली तो गेला. पुढच्या दोन वर्षांत मी त्याची वाडी विहिरीसकट पिऊन टाकली. वच्छला, माझी बायको, ते जळतं लाकूड डोक्यात बसल्यावर केळझरला माहेरी गेली ती गेलीच. लग्नाला पाच वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. मी ओट्यावर पडून राहायचो, अंगावर माशा बसायच्या आणि येणारे-जाणारे वळसा घालून जायचे.

गावातल्या एका मास्तरांनी मला त्या संस्थेत नेऊन टाकलं. नागपूरच्या रस्त्याला, सेलूच्या अलीकडं. नाव लिहीत नाही. नाव लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटेल की तेवढी एकच तशी होती. दारू सुटलेल्यांना तिथं वर्षभर ठेवून सुतारकाम शिकवायचे. आम्ही केलेलं सामान विकायचं आणि त्यावर संस्था चालवायची, अशी पद्धत. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी पाहुणे यायचे. कोणी देणगी देणारे, कोणी कॉलेजातली पोरं, कोणी नुसतेच बघे.

सकाळी प्रार्थना झाली की रांग लागायची. एकेकानं पुढं जायचं, तोंड उघडायचं आणि 'हा' करायचं. काकाजी स्वतः वास घ्यायचे. सगळी संस्था त्यांनाच काकाजी म्हणायची. संस्था त्यांनीच उभी केली होती. चाळीस माणसांच्या तोंडांचा वास ते रोज घ्यायचे, कधी तोंड वाकडं केलं नाही. आमच्यासोबत भाकर खायचे, संडास झाडायचे. काकाजी वाईट माणूस नव्हते. हे लिहिणं मला जड जातं, पण ते तसंच आहे.

आणि हातांचं खरं सांगतो. माझे हात थरथरायचे, पाण्याचा गिलास धरवत नव्हता. चौथ्या महिन्यात त्याच हातांनी मी लाकडात पटाशीनं खाच पाडली, दुसऱ्या लाकडाचं टोक त्यात बसवलं आणि ते गच्च बसलं. वरून ठोकावंही लागलं नाही. मी ते जोडलेलं लाकूड उचलून हलवून पाहिलं. मग कोपऱ्यात जाऊन रडलो. तितका आनंद मला लग्नातही झाला नव्हता.

वर्कशॉपच्या मागं चार खोल्या होत्या. कायम सुतारांसाठी. त्यातली एक दिवाळीच्या आधी रिकामी होणार होती आणि काकाजी म्हणाले होते, वर्ष नीट काढलंस तर ती तुझी. पगार, काम आणि खोली. मला बाकी काही दिसेनासं झालं. त्या खोलीत वच्छला राहील. सकाळी चूल पेटवील. मी वर्कशॉपातून जेवायला घरी जाईन, मधे फक्त एक निंबाचं झाड. रोज रंधा मारताना मी हेच पाहायचो. त्यासाठी मी दुसऱ्या रविवारी काहीही बोलायला तयार होतो.

माझ्या शेजारी गुलाब काम करायचा, हिंगणघाटच्या गिरणीतला. गरीब माणूस. तो प्यायचा आणि झोपायचा, याच्यापलीकडं त्यानं काही केलेलं नव्हतं. त्यामुळं त्याच्या तिपाया विकल्या जात नसत. पाहुणे ऐकायचे, मान हलवायचे आणि पुढच्याकडं जायचे. काकाजी त्याला म्हणाले, "आठवून बघ गुलाब. मनात काहीतरी दडलेलं असतं." गुलाबनं आठवलं. पुढच्या रविवारी तो म्हणाला, आईच्या औषधाचे पैसे मी प्यायलो आणि आई मेली. बाया रडल्या. तिपाई गेली, वरून दोन तिपायांची ऑर्डर आली. गुलाबची आई हिंगणघाटला धडधाकट होती आणि दर महिन्याला त्याला चिवडा पाठवायची. त्या दिवशी मी त्याला चिडवलं, "तेरवीले बोलावजो बाप्पा." तो हसला नाही. जेवलाही नाही.

तेव्हा तरी मला कळायला हवं होतं. नाही कळलं. खोली डोळ्यांपुढं होती.

आमच्याच भागात एका डॉक्टराचा पोरगा प्यायचा. स्कूटरवरून पडायचा, नोकराला चपलेनं मारायचा. त्याला नागपूरच्या दवाखान्यात ठेवलं, बरा झाला, घरी आला. त्याच्या हातात पाट देऊन कोणी त्याला उभं केलं नाही. लोक म्हणायचे, प्रकृती बरी नव्हती त्याची. आमचं होतं ते पाप, त्याची होती ती प्रकृती.

दिवाळी जवळ आली. काकाजींनी मला बोलावलं. एक मोठे शेठ येणार होते. त्यांच्या मनात आलं तर संस्थेला नवीन शेड मिळणार होती. "शेठजींना घरची माणसं बघायची आहेत," काकाजी म्हणाले. "तुझ्या बायकोला आण. तिनं दोन शब्द सांगितले तर बरं. आणि खोलीचंही त्याच दिवशी जाहीर करू."

मी केळझरला गेलो. दीड वर्षानं तिच्या दारात उभा होतो, धुतलेल्या कपड्यांत. ती अंगणात तूर पाखडत होती. उठली नाही. सूप हातात धरूनच तिनं सगळं ऐकलं.

"खोलीले खिडकी हाये काय?" तिनं विचारलं.

"हाये. मांगच्या अंगानं."

तिनं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "येते मी. खोली पाह्यते, मंग सांगते."

दोन शब्दांचं मी तिला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती आली नसती. हे मला तेव्हाही माहीत होतं. मुद्दाम लिहितो, कारण नंतर मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगत आलो की, विसरलो.

रविवारी ती भावासोबत एस.टी.नं आली. निळं लुगडं, डोक्यावर घट्ट पदर. आधी तिला खोली दाखवली. तिनं खिडकी उघडली, बंद केली, परत उघडली. भिंतीला हात लावून पाहिलं. तिचा चेहरा मी पाहत होतो. ती राहायला येणार होती. मला कळलं होतं, ती येणार.

कार्यक्रम सुरू झाला. शेठजी आणि त्यांच्या बायकोच्या गळ्यात सुताचे हार घातले. माझी पाळी आली. या वेळी हातात स्टूल होतं. मी घोकलेलं सगळं बोललो. आता आवाज चांगला सुटायचा. टाळ्या पडल्या आणि काकाजी म्हणाले, "यांच्या सौभाग्यवतीही आल्या आहेत. वच्छलाताई, पुढं या."

ती पुढं आली. येताना तिनं उजवा अंगठा लुगड्याला पुसला. तिला वाटलं होतं, खोलीच्या कागदावर अंगठा द्यायला बोलावलं.

"दोन शब्द सांगा, ताई. कसं होतं तेव्हाचं आयुष्य? काय सोसलंत?"

ती माझ्याकडं पाहायला लागली. मी स्टूल धरून उभा.

"मी तं खोली पाहाले आली," ती म्हणाली.

लोक हसले. प्रेमानंच हसले. शेठाणीबाई उठल्या. मोठ्या मायेनं तिच्याजवळ आल्या, तिच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाल्या, "घाबरू नकोस गं. आम्ही परके नाही. कुठं लागलं होतं? बघू." आणि त्यांनी तिच्या डोक्यावरच्या पदराला हात घातला.

वच्छलानं पदर धरून ठेवला. दोन्ही हातांनी. मान माझ्याकडं वळवली.

शेठाणीबाई थांबल्या. काकाजी माझ्याकडं पाहत होते. शेठजी पाहत होते. निंबाच्या झाडापलीकडं खोलीचं दार उघडंच राहिलं होतं, ते मला दिसत होतं.

मी म्हणालो, "दाखव."

तिनं हात सोडले. पदर खाली आला. तिनं स्वतःच मान वाकवली आणि केस बाजूला केले. मधे तळहाताएवढी जागा, गुळगुळीत, काळपट. पुढच्या रांगेतले दोघं-तिघं नीट दिसावं म्हणून उठून उभे राहिले. कोणीतरी फोटो काढला. शेठाणीबाईंनी डोळ्यांना रुमाल लावला. शेडचं तिथंच जाहीर झालं. खोलीचंही झालं. टाळ्या पडल्या तेव्हा वच्छला फाटकाबाहेर गेली होती.

मी धावत एस.टी.च्या थांब्यावर गेलो. तिचा भाऊ दूर उभा होता. ती रस्त्याकडं पाहत होती. मी म्हणालो, "खोली भेटली आपल्याले."

ती म्हणाली, "तवा तुमी पेऊन होते. माणूस शुद्धीत नाई, असं मी माह्या मनाले समजावलं. आज तं पेले नोहते ना तुमी?"

गाडी आली. ती चढली.

मारलं तेव्हा दारूनं मारलं, हे मी दर महिन्याला चाळीस माणसांपुढं सांगत होतो. सगळं त्या दारूवर ढकलायला मला तिथंच शिकवलं होतं. आज दारू नव्हती. आज मी होतो, पुरता शुद्धीत, एका खोलीसाठी. मी तिथंच थांब्यावर बसलो. माझ्या अंगातून काहीतरी निघून गेलं आणि त्याच्या जागी संताप आला. आधी माझ्यावर. मग त्या खुर्च्यांवर, त्या रुमालावर, त्या मायेवर. त्यांनी दिलेली किंमत कधी आमच्या लाकडाची नव्हतीच. त्यांनी आमची फजिती विकत घेतली, आणि वरून लाकूड घरी नेलं.

पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी मी खुर्ची घेऊन उभा राहिलो. हाताची, पाठीची, पूर्ण खुर्ची. नाव सांगितलं. गाव सांगितलं. मग म्हणालो, "ही खुर्ची. साग आहे. एकही खिळा नाही. बसून पाहा." आणि गप्प झालो.

"पुढं?" काकाजी म्हणाले.

"पुढं काही नाई."

पाहुणे एकमेकांकडं पाहायला लागले. काकाजी जवळ आले. त्यांचा चेहरा उतरला होता. रागावले नव्हते, खरंच दुःखी झाले होते. हळू आवाजात म्हणाले, "परत सुरू केलीस का रे?"

चाळीस माणसं ऐकत होती. दारुड्या ऐकत नाही, म्हणजे प्यायला असणार. त्यांना दुसरं काही सुचणं शक्यच नव्हतं.

"तोंड उघड," काकाजी म्हणाले.

वर्षभर रोज उघडलं होतं. दर सकाळी, रांगेत. आत दारूचा थेंब नव्हता. उघडलं असतं तर तिथल्या तिथं सुटलो असतो. खोली राहिली असती.

"उघड, बाळ."

मी म्हणालो, "तोंड माहं आहे."

गुलाब खाली पाहत होता. संध्याकाळच्या आत मला माझी पिशवी देऊन फाटकाबाहेर काढलं. वर्षाचा दाखला मिळाला नाही. रजिस्टरात काय लिहिलं असेल ते सांगायला नको.

वर्ध्यात लाकडाची जेवढी दुकानं तेवढी फिरलो. पहिल्या ठिकाणी काम दाखवलं, मालक खूश झाला. म्हणाला, उद्या ये. त्यानं संस्थेत विचारलं असणार. दुसऱ्या दिवशी म्हणाला, "पुन्हा प्यायला लागला म्हणतात तू." मी म्हणालो, नाही. तो म्हणाला, सगळे असंच म्हणतात. असं चार ठिकाणी झालं. पाचव्या ठिकाणी मी गेलो नाही.

केळझरला गेलो. बातमी माझ्याआधी पोचली होती. तिचा भाऊ दारातच म्हणाला, "भाऊजी, काऊन आले आता?" ती आतून आली. मी झालं ते सगळं सांगितलं. खुर्ची, काकाजी, तोंड. मी नाही उघडलं, असं सांगितलं. मला वाटलं होतं, तिला बरं वाटेल. मी तिच्यासाठीच केलं, असं मी वाटेत स्वतःला पटवून आणलं होतं.

तिनं ऐकून घेतलं. म्हणाली, "माहं डोकं उघडं कराले लय घाई होती तुमाले. सोताचं तोंड उघडाले लाज वाटली?"

ती आत गेली. दार तिनं लावलं नाही, पण मला कोणी या म्हणालं नाही. त्यानंतर आठ-नऊ वर्षं झाली. ती तिकडंच आहे. भावाच्या शेतात राबते. मी परत गेलो नाही. तिनं विचारलेल्याचं उत्तर अजून माझ्याजवळ नाही.

मी सिंदी मेघेला राहतो. इकडं नवी घरं होतायत. ठेकेदाराच्या हाताखाली चौकटी ठोकतो, मोडकी दारं दुरुस्त करतो. नऊ वर्षांत दारूला शिवलो नाही. याला साक्षीदार कोणी नाही आणि ओट्यावर बसलेले आजही मला पाहून हातानं बाटलीची खूण करतात. पूर्वी राग यायचा. आता येत नाही, आणि ते काही चांगलं लक्षण नव्हे.

दुसऱ्या रविवारी मी काम घेत नाही. सकाळच्या गाडीनं सेलूच्या बाजूला जातो आणि संस्थेच्या थांब्यावर उभा राहतो. तिथं बाया उतरतात. कोणाची आई, कोणाची बायको. निरोप आलेला असतो, या म्हणून. मी प्रत्येकीजवळ जातो आणि म्हणतो, बाई, आत तुला सगळ्यांपुढं बोलावतील. काय सोसलं ते विचारतील. अंगावरच्या खुणा दाखव म्हणतील. तुझा माणूससुद्धा म्हणेल. तू नाही म्हण. नाही म्हणता येतं.

बऱ्याचजणी मला प्यायलेला समजून पदर सावरत निघून जातात. दोनदा संस्थेच्या माणसांनी येऊन मला ढकलून दिलं. मागच्या महिन्यात एक बाई मात्र थांबली. पुलगावकडची असावी. एका डोळ्याखाली जुना व्रण. तिनं माझं सगळं ऐकलं आणि शांतपणे म्हणाली, "दाखवल्यानं जर घर भेटत असंन तं दाखवीन मी, भाऊ. दुसरं काय हाये माह्याजवळ दाखवाले?"

मी बाजूला झालो. ती फाटकातून आत गेली. थोड्या वेळानं टाळ्या ऐकू आल्या. संस्थेच्या आता तीन शेडी झाल्या आहेत, टाळ्या मोठ्यानं ऐकू येतात.

आजवर एकही परत फिरलेली नाही. फिरेल असं मला वाटतही नाही. घर कोणाला नको असतं? पण आत काय करतात हे मला माहीत आहे, आणि माहीत असून मी रविवारी घरी झोपून राहिलो, तर तिथं उतरणाऱ्या प्रत्येक बाईला मीच परत 'दाखव' म्हणतो आहे. एकदा म्हणालो. शुद्धीत म्हणालो. आता माझ्या तोंडून तो शब्द निघणार नाही, आणि ज्यांच्या तोंडून निघतो त्यांच्यापुढं एकही बाई मी सावध न करता जाऊ देणार नाही.